मामांची खुर्ची, भाच्याची तलवार

आधी आवाज ऐका. खर्र खर्र. पॉलिश पेपर चाललाय, जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या ओट्यावर. समोर प्लॅस्टिकची नळी, एलईडीची पट्टी, सोल्डरिंगचं सामान आणि अर्धा कप चहा. हा भाचा, स्टार वॉर्सवाला. लाइटसेबर बनवतोय, म्हणजे त्या पिक्चरमधली उजेडाची तलवार. पट्ट्या पाठीला पाठ लावून चिकटवायच्या म्हणजे उजेड दोन्हीकडून पडतो, मग वरून नळी, आणि ती दुधीच पाहिजे, पारदर्शक घेतली तर आतले दाणे दिसतात आणि सगळी मजाच जाते. मूठ म्हणजे बेसिनखालच्या पाईपचा तुकडा. हसू नका, 1977 च्या पहिल्या पिक्चरमध्ये हिरोच्या, ल्यूकच्या तलवारीची मूठसुद्धा जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडाच होता. आणि तो घुंईं आवाज? पिक्चरच्या साउंडवाल्या बेन बर्टनं प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळली, झालं. फाळक्यांचा जन्म आपल्या त्र्यंबकचा, त्यामुळे असलं जुगाड आपल्याला काय समजवायचं!

हे मामा. स्टार ट्रेकवाले, ती अवकाशजहाजाची मालिका लहानपणी दूरदर्शनवर बघून बिघडलेले. त्यांच्याकडे शूट करण्यासारखं फार काही नाही, एक कॅप्टनची खुर्ची आणि मालिकेतली ती बोटं फाकवून करायची नमस्काराची खूण, म्हणून व्हिडिओत त्यांचा वेळ कमी, नाइलाज आहे, पण खरं सांगू का, मी मामांच्या पार्टीतला. 1966 ला ट्रेक सुरू झालं तेव्हा दर भागात जहाज ग्रहावर उतरवणं परवडेना, म्हणून माणसंच चमचम करत गायब करून खाली पाठवायची आयडिया निघाली. 79 भाग झाले आणि 1969 ला गाशा गुंडाळला. पण फॅन लोकांनी ढिगानं पत्रं लिहून 1976 ला नासाच्या पहिल्या शटलला मालिकेतल्या जहाजाचं, एंटरप्राइझ, हे नाव ठेवायला लावलं, ते कधी अवकाशात गेलं नाही ही गोष्ट वेगळी. मालिकेत जहाजावरची अधिकारी उहुरा झालेल्या निशेल निकल्सनी नासासाठी भरतीचा प्रचार केला, ट्रेक बघत वाढलेल्या अंतराळवीर मे जेमिसन 1992 ला खरोखर वर गेल्या. तिकडे वॉर्सची खेळणी खपली, आणि 1983 ला रेगनच्या क्षेपणास्त्रविरोधी योजनेला टीकाकारांनी त्याच पिक्चरचं नाव चिकटवलं. असो.

आता गोदाघाट, अंधार पडतोय. थांबा, दिवे जरा कमी होऊ देत. हां. निळी.

मामा म्हणतात, "दे रे इकडे एकदा."