रिकामी शेड आणि पेटता बॉयलर

नमस्कार श्रोतेहो.

कारखान्यात, रुग्णालयात, हॉटेलात किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये लागणारी उष्णता कोळसा, तेल वा गॅस जाळून न मिळवता लाकूडफाटा, सूर्य किंवा जमिनीतली ऊब यांच्यापासून मिळवावी, आणि तशी ती मिळवणाऱ्या व्यावसायिकाला सरकारने दर युनिटमागे रोख पैसे द्यावेत, अशी एक योजना ब्रिटनने आखली. त्या योजनेविषयी मी आज बोलणार आहे. बॉयलरच्या सान्निध्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे हा विषय मला नुसत्या धोरणाचा वाटत नाही. भट्टीचे दार उघडल्यावर तोंडावर येणारी धग मला त्यात जाणवते.

अपारंपरिक ऊर्जा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीज येते, पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या येतात. उष्णतेचा विचार सहसा कोणी करत नाही. ब्रिटनसारख्या थंड देशात मात्र वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा उष्णतेसाठीच खर्ची पडते, आणि तिच्यातला फार मोठा वाटा नैसर्गिक गॅसचा असतो. विजेप्रमाणे उष्णता तारेतून दूरवर पाठवता येत नाही; ती जिथे लागते तिथेच तयार करावी लागते. म्हणजे बदल घडवायचा तर प्रत्येक मालकाला त्याचा चालता गॅस बॉयलर काढून त्याजागी कितीतरी महाग यंत्र बसवायला राजी करायचे. हे काम केवळ आवाहनाने होण्यासारखे नव्हते, हे तिथल्या सरकारने ओळखले होते. २००८ च्या ऊर्जा कायद्याने त्यासाठी वाट करून दिली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथील व्यवसायांसाठी, सार्वजनिक संस्थांसाठी ही योजना सुरू झाली. घरगुती ग्राहकांसाठीची स्वतंत्र योजना २०१४ साली आली.

तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. यंत्र बसवताना सरकार एक पैसाही देत नव्हते. यंत्र मालकाने स्वतःच्या पैशाने किंवा कर्ज काढून बसवायचे, आणि नंतर पुढची २० वर्षे दर तिमाहीला, जितकी उष्णता वापरली तितके पैसे घ्यायचे. हे मोजण्यासाठी उष्णतेचा मीटर लागतो. बॉयलरमधून बाहेर जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळाला एक तापमापक, थंड होऊन परत येणाऱ्या नळाला दुसरा, आणि पाणी किती वाहिले हे सांगणारा एक प्रवाहमापक, एवढेच त्याचे अंग. दोन तापमानांतला फरक आणि वाहिलेले पाणी यांच्या गुणाकारावरून किती उष्णता खर्च झाली ते कळते. गणित चोख असते. पण ती उष्णता कोणासाठी खर्च झाली, हे त्या मीटरला कधीच कळत नाही, आणि पुढे जे झाले त्याचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

ही अडचण लंडनमधल्या अधिकाऱ्यांना दिसली होती. म्हणून लाकूड जाळणाऱ्या छोट्या बॉयलरसाठी त्यांनी दर दोन टप्प्यांत ठेवला. वर्षातले पहिले १,३१४ तास, म्हणजे वर्षाच्या एकूण तासांच्या १५ टक्के, बॉयलर पूर्ण क्षमतेने चालल्यावर जेवढी उष्णता निघेल तेवढ्या उष्णतेला प्रत्येक युनिटमागे ७.६ पेन्स (शंभर पेन्सचा एक पौंड), आणि त्यापुढच्या प्रत्येक युनिटला अवघे १.९ पेन्स, असे दर योजना जाहीर झाली तेव्हा होते. पहिल्या टप्प्यात महागड्या यंत्राची किंमत वसूल व्हावी. दुसऱ्या टप्प्यात मिळणारी रक्कम इंधनाच्या खर्चापेक्षा कमी असावी, म्हणजे गरज नसताना भट्टी पेटवून कोणाच्या हाती काही लागू नये, हा त्यामागचा हिशेब. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण माणसाच्या प्रामाणिकपणावर भार न टाकता तो मोह मुळातच काढून घेतो.

वर्षभराने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, उत्तर आयर्लंडने आपली स्वतंत्र योजना सुरू केली. नियमावली बरीचशी लंडनचीच उचललेली होती. त्यातून दोन टप्प्यांची तरतूद तेवढी गळली. २० ते १०० किलोवॉटच्या लाकडी बॉयलरला सरसकट, वर्षभर, कितीही तास चालवा, युनिटमागे ५.९ पेन्स ठरले. सल्लागारांच्या ज्या अहवालावर हे दर आधारले होते, त्याच अहवालात इंधनाचा खर्च युनिटमागे ४.३९ पेन्स दिलेला होता. श्रोतेहो, हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायला कोणतेही तांत्रिक ज्ञान लागत नाही. ९९ किलोवॉटचा एक बॉयलर वर्षभर अखंड पेटता ठेवला तर सुमारे ८ लाख ६७ हजार युनिट होतात. त्यावर सरकारकडून ५१ हजार पौंडांवर येणे, आणि त्या आकड्याने इंधन धरले तर ३८ हजार पौंडांचा खर्च. म्हणजे जितके जाळाल तितकी मिळकत, मग त्या उबेत बसायला कोणी असो वा नसो. शिवाय १०० किलोवॉटच्या वरच्या बॉयलरचा दर एकदम १.५ पेन्सवर उतरत असल्याने, जिथे एक मोठा बॉयलर शोभला असता तिथे ९९ किलोवॉटचे दोन-तीन बॉयलर ओळीने बसवणे फायद्याचे ठरले. आपल्याकडे कृषिपंपाचे बिल मीटरवर न येता अश्वशक्तीवर येते तिथे ऑटो स्विच लावून पंप वीज येईल तेव्हा चालू राहतो, हे आपण पाहतो; इथे तर चालू ठेवण्याबद्दल वर पैसे मिळत होते.

या योजनेत कोंबडीपालन करणारे शेतकरी मोठ्या संख्येने आले, आणि त्यांची गरज खरी होती, हे मी आवर्जून सांगतो. एक दिवसाच्या पिलांना शेडमध्ये ३२-३३ अंशांची ऊब लागते. ती गॅसच्या शेगड्यांनी दिली तर ज्वलनातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शेडमध्येच साचतो, खालची लिटर, म्हणजे अंथरलेला भुसा, ओली होते आणि पिलांच्या पायांना इजा होते. बाहेर बॉयलर ठेवून नळांतून गरम पाणी खेळवले की हवा कोरडी राहते, लिटर मोकळी राहते, पक्षी निरोगी वाढतात. लाकडाच्या गोळ्यांचा टँकर येतो, फनेलसारख्या टाकीत गोळ्या ओतल्या जातात, स्क्रू फिरतो आणि त्या आपोआप भट्टीत पडत राहतात. हे काम पाहिले की योजनेचा मूळ हेतू किती चांगला होता ते पटते.

धोक्याची सूचना वेळेवर मिळाली नाही, असेही नाही. २०१३ साली उत्तर आयर्लंडमधल्या एका छोट्या व्यवसायाच्या मालकीणबाईंनी ती दिली. इमारतींतली उष्णता वाचवणारी उपकरणे त्या विकत असत. ज्यांनी लाकडी बॉयलर बसवले आहेत त्यांना उष्णता वाचवण्यात रसच उरलेला नाही, उलट खिडक्या उघड्या टाकून बॉयलर चालू ठेवले जात आहेत, हे त्यांना गिऱ्हाइकांकडे फिरताना दिसले. त्यांनी थेट मंत्र्यांना ईमेल पाठवला, खात्याच्या अधिकाऱ्यांची भेट घेतली, पुन्हा लिहिले. लोक असे करतील यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसला नाही. ज्या बाईंच्या विक्रीवर परिणाम होत होता, त्यांची तक्रार ही स्वार्थाची तक्रार म्हणून बाजूला ठेवणे सोपे असते. पण बाजारात रोज वावरणाऱ्या माणसाला जे दिसते ते कार्यालयातल्या फायलीत दिसत नाही, आणि अशा माणसाला दारातून परत पाठवणे मला अक्षम्य वाटते.

टप्प्यांचा नियम अखेर नोव्हेंबर २०१५ मध्ये आला. तो येणार हे आधीच बाहेर फुटल्यामुळे त्याआधीच्या तीन महिन्यांत जुना दर पदरात पाडून घेण्यासाठी अर्जांची रीघ लागली, एकट्या त्या काळात ९०० हून अधिक. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस योजना नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. तोवर २० वर्षांच्या बांधिलकीतून ४९ कोटी पौंडांपर्यंत जादा बोजा पडेल असा अंदाज पुढे आला होता. लंडनचा खजिना सगळे भरेल अशी समजूत उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, होती. ती चुकीची ठरली, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडचा खर्च उत्तर आयर्लंडच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून, म्हणजे शाळा आणि रुग्णालये जिथून चालतात त्याच तिजोरीतून, जाण्याची वेळ आली.

राजकीय परिणाम तर कोणाच्या कल्पनेतही नव्हता. योजना सुरू झाली तेव्हा संबंधित खात्याच्या मंत्री असलेल्या आर्लीन फॉस्टर आता तिथल्या सरकारच्या प्रमुख होत्या. चौकशी होईपर्यंत त्यांनी पदावरून बाजूला व्हावे ही मागणी त्यांनी मानली नाही, आणि ९ जानेवारी २०१७ रोजी उपप्रमुख मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. ब्रिटनसोबत राहू पाहणारा आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारा, अशा तिथल्या दोन्ही समाजांनी मिळून चालवायचे ते सरकार कोसळले. वाद पुढे इतर प्रश्नांवरही चिघळला आणि तीन वर्षे, जानेवारी २०२० पर्यंत, तिथे लोकनियुक्त सरकार नव्हते. निवृत्त न्यायाधीश सर पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२० मध्ये आला. भ्रष्टाचार हे अनर्थाचे कारण नव्हते, चुका आणि दुर्लक्ष एकावर एक साचत गेले, असा त्याचा निष्कर्ष होता. आपण ती नियमावली वाचली नव्हती, हे खुद्द फॉस्टर यांनी चौकशीत सांगितले होते.

या सगळ्या गदारोळात जे भरडले गेले त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. पिलांसाठी, आळिंब्यांसाठी, हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी प्रामाणिकपणे उष्णता वापरणारे अनेक जण होते. २० वर्षांच्या सरकारी शब्दावर त्यांनी बँकेचे कर्ज काढले होते. २०१७ मध्ये दर कापले गेले आणि २०१९ मध्ये ते इतके खाली आणले गेले की साधारण बॉयलरमालकाला वर्षाला मिळणारे १३ हजार पौंड सुमारे २ हजारांवर आले. बँकेचा हप्ता मात्र होता तेवढाच राहिला. रिकामी शेड तापवणाऱ्याला आणि भरली शेड तापवणाऱ्याला एकाच कात्रीने कापणे, याला मी न्याय म्हणू शकत नाही.

आपल्याकडे मदतीची रीत वेगळी आहे. २००९ साली शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर ७३ मोठ्या सौर तबकड्या बसल्या आणि भाविकांच्या जेवणाची वाफ उन्हावर तयार होऊ लागली. त्या प्रकल्पाला केंद्र सरकारने दिलेली मदत यंत्राच्या किमतीत होती, वाफेच्या किलोवर नव्हती. अशा अनुदानात भट्टी उगीच पेटती ठेवण्याचा मोह नसतो, पण उलटा धोका असतो. अनुदान मिळेपर्यंत चकचकीत असलेले सौर बंब नंतर क्षारांनी भरून गच्चीवर तसेच पडलेले मी किती तरी इमारतींवर पाहिले आहेत, आणि ते पुन्हा चालू करण्यात कोणाचा काहीच फायदा नसतो. माझ्या मते निम्मी रक्कम बसवताना आणि उरलेली, उपयोग तपासून, पहिल्या पाच वर्षांत द्यावी. आपल्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या, आणि रंगाईच्या कारखान्यांत मात्र त्यासाठी आधी वाफेचा मीटर बसवावा लागेल. तिथे अजून कित्येक ठिकाणी इंधन ट्रकवर मोजले जाते आणि वाफ भट्टी सांभाळणाऱ्या फायरमनच्या अंदाजावर.

ब्रिटनही आता यंत्राच्या किमतीत मदत देण्याच्या दिशेला वळला आहे. व्यवसायांसाठीची योजना ३१ मार्च २०२१ रोजी बंद झाली. २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घरांना आणि छोट्या व्यवसायांना हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली वा जमिनीतली ऊब खेचून आत आणणारे यंत्र, बसवतानाच एकरकमी अनुदान मिळते. सुरुवातीला ते पंपाच्या प्रकारानुसार ५ ते ६ हजार पौंड होते, ऑक्टोबर २०२३ पासून ते साडेसात हजार झाले. जुन्या योजनेत आलेल्यांचे मीटर मात्र अजून चालू आहेत, आणि जे शेवटच्या दिवसांत दाखल झाले त्यांचे तिमाही पैसे २०४१ पर्यंत येत राहतील.

नमस्कार.