‘मधूनच’ म्हणजे नेमका कधी?

नमस्कार. आधी जरा हात वर करा. पेन ड्राइव्ह लावला की ‘टुंग’ वाजतं, लगेच उलटं ‘टुंग’ वाजतं, आणि स्क्रीनवर काहीच उगवत नाही. हा अनुभव किती जणांना आलाय? बरेच आहेत. ज्यांनी हात वर केला नाही, ते बहुधा घरी केबल एका विशिष्ट कोनात धरून बसणाऱ्यांपैकी असावेत. त्यांचा हात सवयीनंच मोकळा नसतो.

पत्रिकेत विषय छापलाय ‘घरच्या संगणकाचे बेभरवशाचे यूएसबी पोर्ट’, म्हणजे पेन ड्राइव्ह, माउस लावायच्या त्या खाचा. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘बेभरवशाचा’ हे वर्णन झालं, निदान नव्हे. पोर्ट मधूनच बंद पडतो असं कुणी सांगितलं की मी विचारतो, मधूनच म्हणजे कधी? संगणकाला लहर येत नाही. काहीतरी घडतं आणि मग तो बंद पडतो. ते ‘काहीतरी’ आपण बघत नाही, आणि कुणीतरी सल्ला देतो, फॉरमॅट मारा! म्हणजे सगळं पुसा आणि विंडोज नव्यानं टाका.

या फॉरमॅटवर माझा जुना राग आहे. माझ्या मेव्हण्यांची बाहेरून लावायची हार्ड डिस्क सारखी तुटायची, म्हणजे तिची जोडणी जायची. दुरुस्तीवाले आले, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट झालं. मेव्हण्यांचे बुकमार्क गेले, मराठी टायपिंगची सगळी मांडणी गेली, प्रिंटर रुसला. संध्याकाळी डिस्क पुन्हा तुटली. मग म्हणे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, बिघडलाय. मग म्हणे डिस्कच गेली, नवी घ्या. शेवटी मी विचारलं, दाजी, तुटते कधी? ते म्हणाले, “फोल्डर बघताना काही होत नाही, मोठा व्हिडिओ टाकायला लागलो की जाते.” उत्तर त्यातच होतं. काम वाढलं की डिस्क जास्त वीज ओढते. यूएसबी २ चा पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपियरपर्यंत वीज देतो, यूएसबी ३ चा ९०० पर्यंत. यांनी डिस्क लावली होती पुढच्या जुन्या पोर्टला, तीही लांबलचक, बारीक एक्स्टेंशन केबलवरून. अशा केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच पडतं. एक्स्टेंशन काढली, डिस्कबरोबर आलेली आखूड केबल थेट मागच्या पोर्टला लावली, प्रश्न मिटला. मेव्हणे अजून सगळ्यांना सांगतात, फॉरमॅट मारल्यावर डिस्क बरी झाली.

असो. यूएसबीनं भल्याभल्यांची फजिती केलीय. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ ची. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनात विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू होतं. स्कॅनर जोडला की तो आपोआप ओळखला जाईल, असं दाखवायचं होतं. स्कॅनर जोडला आणि मोठ्या पडद्यावर विंडोज कोसळल्याचा निळा स्क्रीन! बिल गेट्स शेजारीच उभे. तुमचा पेन ड्राइव्ह दिसला नाही तर मनाला लावून घेऊ नका.

आणि प्लग एकाच बाजूनं बसतो, म्हणून ते उलटसुलट करून लावणं! त्याचं खापर लोक यूएसबीचे एक जनक, आपल्या बडोद्यात शिकलेले अजय भट्ट यांच्यावर फोडतात. पण दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग केला असता तर तारा आणि सर्किट वाढून खर्च वाढला असता, आणि तेव्हा यूएसबी स्वस्त असणं गरजेचं होतं. त्याच प्लगमध्ये एक सुरेख गोष्ट आहे. चार पट्ट्यांपैकी विजेच्या दोन जरा लांब असतात, म्हणजे आधी वीज जोडली जाते, मग डेटा. म्हणून प्लग अर्धवट बसला तर दिवा लागतो पण ड्राइव्ह दिसत नाही. फक्त चार्जिंगची केबल असली तरी फोनचं नेमकं हेच होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. म्हणजे आता मुख्य विषयाला सुरुवात करायला हवी.

थोडा वेळ हात लावला नाही की माउस मेल्यासारखा होतो? विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट, तिथली उपकरण बंद करू देणारी खूण काढा. पॉवर ऑप्शन्समधलं सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा.

फक्त पुढचेच पोर्ट त्रास देतात? मागचे मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटवरच, सोल्डर केलेले असतात, पुढच्यांना कॅबिनेटच्या आतून वायर जाते. संगणक बंद करून, प्लग काढून, आतला कनेक्टर नीट बसवा.

धक्का लागला की तुटतं? आधी केबल बदला, मग पोर्टमध्ये टॉर्च मारून धूळ बघा. जुना चौकोनी टाईप ए जोड साधारण १५०० वेळा लावण्या-काढण्यासाठी धरलेला असतो, टाईप सी १०,००० वेळा. झिजतो तो.

हार्ड डिस्क चालू असतानाच वायरलेस माउस अडखळतो? यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे असा माउस वापरतो त्याच रेडिओ लहरींच्या, पट्ट्यात पोचतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर निबंधच काढलाय. माउसचं डोंगल, म्हणजे पोर्टला लावायचा तो इवलासा तुकडा, छोट्या एक्स्टेंशनवर लांब न्या. हो, इथे एक्स्टेंशन चालते!

सगळे पोर्ट एकदम गेले? संगणक बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, मग चालू करा. तरीही सगळे आले नाहीत, पण एखादा पोर्ट चालू झाला? त्यावरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरूनच चालणारी प्रणाली, चालू करून बघा, हार्ड डिस्कला हात न लावता. तिथेही तोच बिघाड दिसला तर दोष यंत्रात. नाही दिसला, तर मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर टाका. फॉरमॅटचा प्रश्नच आला नाही.

पोर्ट खरंच मेला असेल तर डेस्कटॉपमध्ये नवे पोर्ट देणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवता येतं, लॅपटॉपला एका पोर्टचे अनेक करणारा हब. हो हो, थांबतो. हब घेताना स्वतःचा अडॅप्टर असलेलाच घ्या, नाहीतर एका पोर्टच्या त्याच विजेची चार उपकरणांत वाटणी होते आणि हार्ड डिस्क पुन्हा तुटायला लागते.