हिस्टामिनचा त्रास आणि डीएओच्या कॅप्सूल

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या मासळी बाजारात बांगडा घेताना आपण त्याचे कल्ले उघडून पाहतो, ते योग्यच आहे. पकडलेला मासा बर्फात नीट ठेवला नाही, तर जिवाणू त्यातील हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारे रसायन तयार करतात आणि ते नंतर कितीही शिजवले किंवा तळले तरी नष्ट होत नाही. असा मासा कोणालाही बाधू शकतो. काही प्रौढांना मात्र जुने चीज, वाइन, खारवलेले मासे यांतील, इतरांना सहज पचणाऱ्या हिस्टामिननेही डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली, अंगावर पित्त, पोटफुगी किंवा जुलाब असा त्रास होतो.

अन्नातील हिस्टामिनचे विघटन करणारे डायअमाइन ऑक्सिडेज, म्हणजेच डीएओ, हे एन्झाइम मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरात तयार होते. ते कमी पडते तेव्हा बाहेरून पुरवावे, एवढाच या कॅप्सूलचा हेतू आहे. ती जेवणापूर्वी साधारण 15 ते 20 मिनिटे घेतात. तिचे काम आतड्यातच चालते. त्यामुळे धुळीच्या अ‍ॅलर्जीत शरीर स्वतःच जे हिस्टामिन सोडते, त्यावर तिचा उपयोग नाही. घसा सुजला किंवा श्वास लागला, तर कॅप्सूल शोधत बसू नका, तातडीने रुग्णालय गाठा.

आजवरच्या चाचण्या लहान आहेत आणि निदान पक्के करणारी एकही रक्तचाचणी नाही. म्हणून आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे संशयित पदार्थ बंद ठेवावेत, मग एकेक पुन्हा खाऊन नोंद करावी आणि त्यानंतरच कॅप्सूलचा विचार करावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. खरेदीपूर्वी घटकही वाचा: अनेक उत्पादनांतील डीएओ डुकराच्या मूत्रपिंडापासून काढलेले असते, तर काहींत ते मोड आलेल्या वाटाण्यापासून मिळवतात. आपल्या शहरातील कितीतरी घरांत हा फरक मोलाचा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध डीएओचे काम रोखते आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांना मासे खाल्ल्यावर लाली येते, छातीत धडधडते. असे झाल्यास काय खाल्ले ते लगेच डॉक्टरांना सांगावे. गोळ्या मात्र स्वतःहून एक दिवसही बंद करू नयेत.