यकृत बिघडतं, हालचाल मंदावते

(अंधारी खोली, लाल दिवा. दोन पिंजरे.)

रॅटचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचा, दिवस अंधार पडल्यावर सुरू होतो. डावीकडचा भुसा उकरतोय, मागच्या पायांवर उभा राहून हवेचा वास घेतोय. उजवीकडचा कोपऱ्यात बसून आहे. कान आणि शेपटी पिवळी. यकृत बिघडवण्यासाठी पाच आठवड्यांपूर्वी त्याची पित्तनलिका बांधली.

यकृताचा वागण्याशी असलेला संबंध १८९३ सालीच दिसला होता. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये आतड्यांकडचं रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत सोडलं. अशा कुत्र्यांना मांस दिलं की ती हट्टी, चिडकी होत, लटपटत चालत, काहींना झटके येत. मांसातल्या प्रथिनांपासून आतड्यात अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करून टाकतं; यकृत टळलं किंवा बिघडलं की तो रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतो.

(शस्त्रक्रियेचं टेबल.)

आयसोफ्लुरेनची भूल. पोटाच्या मध्यरेषेवर छोटा छेद. पित्तनलिकेला रेशमी धाग्याच्या दोन गाठी, आणि मधोमध काप. नुसती गाठ मारून सोडली तर पित्ताला पुन्हा वाट सापडू शकते आणि यकृत सावरतं. गाठी यकृताजवळच हव्यात, कारण रॅटमध्ये स्वादुपिंडाच्या नलिका खाली याच नलिकेला मिळतात. तिथे बांधलं तर स्वादुपिंडालाही सूज येते. तुलनेच्या गटातही पोट उघडतात, नलिका मोकळी करतात, फक्त बांधत नाहीत.

पित्त आतड्यात न पोहोचल्यामुळे ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठेनासं होतं. म्हणून ते इंजेक्शनने द्यावं लागतं, नाहीतर सिऱ्होसिस (यकृत व्रण पडून कडक होणं) होण्याआधीच जनावर रक्तस्रावाने दगावतं.

(वरून दिसणारी चौकोनी पेटी. पडद्यावर उंदराच्या वाटेची रेघ.)

चाचणीची पेटी साधी असते. उंदीर मधोमध सोडायचा, पाच ते दहा मिनिटं कॅमेऱ्याने वाट टिपायची. एकूण अंतर किती, मागच्या पायांवर किती वेळा उभा राहिला, कडेला किती चिकटला. चाचणी अंधाराच्याच वेळी घ्यायची. भर उजेडात निरोगी रॅटही झोपाळू असतो आणि दोन गटांतला फरक पुसला जातो. वेदनाशामक म्हणून दिलेलं ब्युप्रेनॉर्फिनही हालचाल बदलतं, त्यामुळे पहिल्या काही दिवसांचे आकडे धरायचे नाहीत.

फिरत्या दांड्यावरची चाचणी जास्त फसवी. दांड्याचा वेग मिनिटाला ४ फेऱ्यांपासून ४० पर्यंत वाढतो, उंदीर कधी पडतो ते मोजायचं. पण हलका उंदीर तिथे जास्त टिकतो, पोटात पाणी झालेला लवकर पडतो. या आजारात स्नायूही झडतात. त्यामुळे पंज्यांची पकड वेगळी मोजल्याशिवाय मंदावलेल्या चालीचा दोष मेंदूवर टाकणं घाईचं ठरतं.

रक्तातला अमोनिया मोजतानाही घाई लागते, पण ती योग्य घाई. नमुना लगेच बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात. टेबलावर राहिला तर रक्तपेशींतूनच अमोनिया सुटतो आणि निरोगी रॅटही आजारी ठरतो.

(मेंदूचा आडवा छेद.)

मेंदूत हा अमोनिया अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी उचलतात, ग्लुटामेट या चेतापेशींच्या संदेशवाहक रेणूला जोडून त्याचं ग्लुटामिन करतात, आणि त्या फुगतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी पावलोव्हच्या कुत्र्यांसारखाच वळसा घातलेल्या रॅटमध्ये पाहिलं, की हालचालीवर लगाम ठेवणाऱ्या सबस्टँशिया नायग्रा या भागात पेशींबाहेरचं ग्लुटामेट वाढलेलं असतं. तिथला एक ग्लुटामेट-ग्राही (ग्लुटामेटचा संदेश घेणारा पेशीवरचा रेणू) औषधाने अडवला, आणि उंदीर पुन्हा फिरू लागले. पित्तनलिका बांधलेल्या जनावरात याला शरीरभरच्या दाहाची जोड मिळते, आणि त्वचेला सुटणाऱ्या खाजेचीही. रॅट अंग खाजवत असेल तर तीही हालचालच, पण तिची नोंद वेगळी.

(पुन्हा पिंजरा. हातमोजा घातलेला हात.)

वजन एक-पंचमांश उतरलं की थांबायचं, असा दंडक अनेक ठिकाणी पाळतात. पण पोटात पाणी साचलं की वजनकाटा सगळं ठीक असल्याचं सांगतो. म्हणून रोज पाठीवरून बोट फिरवायचं. मणके बोटाला टोचू लागले, की काटा काहीही म्हणो, या रॅटचा प्रयोग आजच संपवायचा.