गाडी पोचली, पुढं काय झालं?

(दृश्य: रात्रीचं औंध. परिहार चौकातली तुरळक वाहनं. वरून निवेदन.)

२०१४ साली महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या आणि त्यांची कंट्रोल रूम इथं पुण्यात, औंधला उभी राहिली. सातपुड्यातल्या पाड्यावरून कुणी जीव मुठीत धरून केलेला फोन पुण्यात वाजू लागला.

या फिल्मसाठी आम्ही जिच्याशी बोललो, ती याच प्रकारच्या कामात आहे. कॉल घ्यायचा, ठिकाण काढायचं, जवळची गाडी सोडायची आणि गाडी पोचेपर्यंत माणसाला धीर द्यायचा. तिचं नाव आणि तिचं ऑफिस आम्ही सांगणार नाही.

(दृश्य: हेडसेट, कीबोर्डवरची बोटं. चेहरा दिसत नाही.)

ती एक कॉल सांगते. पहाटेची वेळ. फोनवर एक आजी, शेजारी सून बाळंत होतेय. गाडी निघालीय, पण घाट आहे, वेळ लागणार. आजी एकच म्हणतायत, "बाई, तू ये लवकर." त्यांच्या लेखी फोनवरची बाई आणि येणारी गाडी एकच. ही इथून सांगतेय, "आजी, बाळाला कोरड्या फडक्यानं पुसा. आईच्या छातीवर ठेवा, वरून पांघरूण घाला. नाळ कापू नका, ओढू नका." आजी सगळं करतायत, श्वास लागलाय, मधेच फोन खाली ठेवतायत, परत उचलतायत. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं, "आली, गाडी आली!" आणि फोन बंद.

बाळाचं रडणं तिच्या कानावर आलंच नव्हतं.

पुढची बेल लगेच वाजली. वाकडजवळ दुचाकी घसरलीय, माणूस शुद्धीत आहे, पत्ता नीट सांगता येत नाहीये. तिनं त्याच आवाजात विचारलं, "कुठून बोलताय? जवळ काय खूण आहे?"

त्या बाळाचं काय झालं, तिला आजही माहीत नाही.

या कामाबद्दल बोलताना लोक आधी नाइट शिफ्ट म्हणतात, कॉलची संख्या म्हणतात, शिव्या म्हणतात. ते आहेच. "आधी गाडी पाठवा, पत्ता काय विचारता!" असं ओरडणाऱ्या माणसाचा राग समजून घेऊन पुन्हा पत्ताच विचारावा लागतो. उगाच फोन करणारेही असतात. पण माझ्या मते सगळ्यात जास्त पोखरतं ते अर्धवट सुटलेलं ऐकणं. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला पेशंट दिसतो, दवाखान्याच्या दारापर्यंत तो सोबत असतो. फोनवरच्या माणसाला फक्त आवाज मिळतो. न दिसलेलं सगळं मन स्वतः रंगवतं, आणि मन वाईटच रंगवतं.

(दृश्य: बसच्या खिडकीतून कात्रज-देहूरोड बायपास.)

ती धायरीला राहते. घरी जाताना नवले पुलाच्या आसपास आलं की ती खिडकीबाहेर बघत नाही. त्या उतारावरचे अपघात तिनं कधी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, कानांनी मात्र कितीतरी ऐकलेत. घरी मुलानं पडून गुडघा फोडून घेतला, तर तिच्या तोंडून पहिला प्रश्न येतो, "शुद्धीत आहे का?" आईचा फोन आला की छातीत धस्स होतं. आणि मग एक दिवस याच्या अगदी उलट होतं: समोरचा हंबरडा फोडतोय आणि हिला काहीच वाटत नाही. तिला स्वतःची भीती वाटली ती त्या दिवशी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. संपूर्ण थकवा, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. कारण दिलंय ते कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याचं. म्हणून "योगा कर, सुट्टी घे" एवढं सांगून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. प्राणायामानं झोप लागेलही, पण एखाद्या मृत्यूचा कॉल संपल्यावर पुढची बेल किती वेळानं वाजणार, हे तिच्या हातात नाही.

ते शिफ्ट लावणाऱ्याच्या हातात आहे. वाईट कॉलनंतर दहा मिनिटं लाइनवरून उठायची मुभा, आणि ती मागताना मान खाली घालावी न लागणं. रात्रपाळीला लागून दिवसपाळी न लावणं. त्या दहा मिनिटांत शेजारच्यानं चहा आणून द्यावा, पण "बोल, काय झालं ते सगळं सांग" असा आग्रह धरू नये. आघातानंतर लगेच, सक्तीनं सगळं बोलायला लावण्याचा फायदा दिसलेला नाही, उलट काहींचा त्रास वाढू शकतो. ज्याला बोलावंसं वाटेल त्याला कान मिळावा, एवढंच.

(दृश्य: पॅन्ट्री. दोन कप. मागे शिफ्ट बदलण्याची गडबड.)

आणि कॉलचा शेवट कळावा. हे तिनं आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिच्या शिफ्टमधल्या मुलींनी आता आपापसात ठरवलंय: एखादा कॉल डोक्यातून जात नसेल, तर वरिष्ठांमार्फत गाडीवरच्या टीमला निरोप धाडायचा. पेशंटचं नाव-गाव विचारायचं नाही, फक्त पोचला का, जिवंत आहे का. कधी उत्तर वाईट येतं. "तरी चालतं," ती म्हणते. "निदान मग मी रडते, आणि झोपते."

पोलीस कंट्रोल, अग्निशमन, १०८, कुठल्याही लाइनवर बसणाऱ्यांपैकी कुणी हे ऐकत असेल आणि झोप उडाली असेल, घरच्यांवर विनाकारण आवाज चढत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.