बाबांना पासबुक दाखवून उपयोग नसतो

श्रोतेहो, नमस्कार.

सत्तरी ओलांडलेले वडील एक दिवस म्हणू लागतात, "आपण कफल्लक झालो. घर जप्त होणार, आणि हे सगळं माझ्यामुळे." मुलगा पासबुक आणून पेन्शन जमा झाल्याची नोंद दाखवतो. वडील मान हलवतात. एखादी आजी सांगते, "माझी आतडी सडलीत, अन्न पुढे सरकतच नाही." सोनोग्राफीत काही सापडत नाही, तरी ती ताट दूर सारते.

घरच्यांना वाटतं, वय झालं. कुणी बाहेरची बाधा म्हणतं. पण हे भ्रमांसह आलेलं तीव्र नैराश्य असू शकतं. आपण पापी आहोत, भिकेला लागलो, शरीर आतून नासलं, याच गोष्टी रुग्ण पुन्हापुन्हा बोलतो. 1880 साली फ्रान्समध्ये ज्यूल कोतार या डॉक्टरांनी अशाच एका बाईंची हकिगत मांडली. मला मेंदू नाही, पोट नाही, म्हणून जेवायची गरजच नाही, असं त्या म्हणत.

म्हणून वाद घालू नका, पुरावे मांडू नका. "हो, खरंच बुडालो" असंही म्हणू नका. "तुम्हाला फार भीती वाटतेय, मी सोबत आहे, आपण डॉक्टरांना दाखवू," एवढं पुरे. डॉक्टर थायरॉइड, सोडियम, बी-बारा तपासतील, चालू औषधं विचारतील. स्मृतिभ्रंशाची सुरुवातही कधी अशी दिसते, तेव्हा निदान घरी ठरवू नका.

रुग्णाने अन्नपाणी सोडलं किंवा मरणाची भाषा केली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. तोवर त्यांना एकटं ठेवू नका; गोळ्या आणि शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा.

या आजारात नुसती नैराश्याची गोळी बहुधा पुरत नाही, भ्रमांवरचं औषधही जोडीला लागतं. आणि डॉक्टरांनी शॉक, म्हणजे मेंदूला विजेचा हलका झटका देण्याचा उपचार, सुचवला की घर हादरतं. ती भीती मला समजते, पण तिच्यापायी उपचार नाकारलेले पाहिले की फार वाईट वाटतं. 1938 मध्ये रोममध्ये सुरू झालेला हा उपचार आज भूल देऊन, स्नायू सैल करून करतात. तसं न करता शॉक द्यायला आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. काही दिवसांच्या आठवणी पुसट होतात, हे खरं. पण जेवण सोडलेल्या वृद्धांना याइतका लवकर आणि खात्रीने गुण देणारे उपाय फार थोडे आहेत.

बरं वाटलं की औषध बंद करायचा मोह होतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भ्रमांवरचं औषध थांबवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा आजार नऊ महिन्यांच्या आत उलटला. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण साधारण पाचात एक होतं. तेव्हा गोळी कमी करायची ती डॉक्टरांनीच.

कुठे जायचं सुचत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या: 14416. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.