रुतलेलं नख: कोपरा कोरू नका, वाढू द्या

मंडळी, अंगठ्याचं नख मांसात रुतून ठणकायला लागलं की आपल्याकडे पहिला हात जातो तो ब्लेडकडे. कोपरा खोलवर कोरून काढला की दोन-चार दिवस खरंच बरं वाटतं. मग काही आठवड्यांनी तोच अंगठा आधीपेक्षा जास्त सुजतो, पिकतो, आणि पुन्हा ब्लेड निघतं. कोपरा कोरल्याने हा त्रास बरा होत नाही, उलट बहुतेक वेळा तिथूनच तो सुरू होतो. आज एवढी एक गोष्ट पटली तरी पुष्कळ अंगठे वाचतील.

नख कसं वाढतं ते आधी बघू. नख तयार होतं ते मुळाशी, कातडीखाली, आणि तिथून पुढे सरकत येतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत अख्खं नख यायला बारा ते अठरा महिने लागतात. नखाच्या दोन्ही कडा कातडीच्या खाचेत बसलेल्या असतात. कोपरा मांसाच्या पुढे आलेला असेल तर नख त्या मांसावरून सरकत पुढे निघून जातं, काही दुखत नाही. कोपरा खोल कापला की दोन गोष्टी होतात. नखाने खाली दाबून धरलेलं मांस मोकळ्या जागेत वर येतं. आणि कात्री किंवा ब्लेड खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही, म्हणून आत कडेला एक टोक शिल्लक राहतं. तूर तिरपी कापल्यावर वावरात राहिलेला खुट कसा तळपायात घुसतो, तसं हे टोक मांसात घुसतं. फरक एवढाच की हा खुट रोज थोडाथोडा पुढे वाढत असतो. बाहेरून तो दिसत नाही. नख छान गोल कापलेलं दिसतं आणि टोक आत असतं.

शरीर त्या टोकाला काट्यासारखं वागवतं. आधी लाली, सूज आणि दाबल्यावर दुखणं, ही पहिली पायरी. सुजेमुळे मांस नखावर आणखी दाबलं जातं, जखम होते, जंतू शिरतात, पू येतो, ही दुसरी. तसंच महिनोन्‌महिने राहिलं तर कडेला लालभडक, ओलसर, हात लावताच रक्त येणारं मांस वाढतं आणि नखावर चढतं, ही तिसरी. घरच्या घरी जे करायचं ते पहिल्या पायरीवर. दुसरी नुकती सुरू झाली असेल, पू अगदी थोडा असेल, तर दोन-तीन दिवस करून बघा. तिसऱ्या पायरीवर घरात वेळ घालवू नका.

आपल्या भागात घट्ट बूट घालणारे तसे कमीच. पण पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं बघा. सोळाशे मीटरच्या सरावासाठी थोरल्या भावाचे किंवा मापाला छोटे बूट घालून रोज पळतात, आणि पायाचं टोक दर पावलाला बुटाच्या टोकावर आदळतं. वाढत्या वयात पायाला घामही जास्त येतो, त्याने नखाची खाच मऊ पडते. शेतात कारणं वेगळी. चपलेत बोटं उघडी, त्यामुळे ढेकळाला, दगडाला ठेच लागते, नख उचकटतं आणि वाकडं उगवतं. पावसाळ्यात आणि रात्री लाईट आल्यावर उसाला दारं धरताना पाय तासन्‌तास चिखलात राहतात. कातडी पांढरी, फुगीर होते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि अशा मऊ मांसात नख सहज घुसतं. म्हाताऱ्या माणसांत नख जाड, पिवळं, दोन्ही कडांनी आत वळलेलं असतं. ते बऱ्याचदा बुरशीमुळे, आणि तिथे बुरशीचा इलाज केल्याशिवाय बाकीचं टिकत नाही.

आता गावातल्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकांनी, नीट ऐका. घरगुती उपाय कुणी अजिबात करायचा नाही? ज्याला मधुमेह आहे त्याने. ज्याचे पाय बधिर आहेत, मग ते कुष्ठरोगामुळे असोत की आणखी कशाने, त्याने. आणि वर्षानुवर्षं विडी ओढून ज्याच्या पायाचा रक्तपुरवठा कमी झालाय त्याने: चालताना पोटरीत गोळे येतात, थांबलं की बरं वाटतं, पाय गार पडतो. या लोकांचा अंगठा थेट दवाखान्यात. चाळिशीच्या पुढच्या माणसाचं नख पिकलं असेल तर आधी साखर तपासा, कारण मधुमेह आहे हे पुष्कळांना पायाच्या जखमेमुळेच पहिल्यांदा कळतं. बधिरपणा तपासायला काही उपकरण लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या बोटाने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर तो पाय धोक्यात आहे असं समजा.

बाकीच्यांनी घरी काय करायचं? पाय बुडेल एवढ्या घमेल्यात कोमट पाणी घ्या. लिटरला एक-दोन चहाचे चमचे मीठ टाका, साध्या कोमट पाण्यानेही काम होतं. हाताचं कोपर बुडवून बघा, कोपराला सुखावेल एवढंच गरम. पंधरा मिनिटं पाय ठेवा, दिवसातून तीनदा. पाण्याचं काम नख आणि कातडी मऊ करणं एवढंच आहे, म्हणून उकळतं पाणी, औषधाची अख्खी बाटली असलं काही लागत नाही. मग स्वच्छ कापडाने पाय पूर्ण कोरडा करा, बेचक्यांसकट. शेतात जायची घाई असते म्हणून ओल्या पायातच चप्पल घातली जाते, आणि मऊ झालेली कातडी पुन्हा चिखलात जाते. त्यापेक्षा त्या वेळचं शेकणं सोडून द्या आणि रात्री झोपताना नीट करा.

पाय मऊ असतानाच कापसाची वात ठेवायची. हे काम नजरेसमोर, उजेडात, बसून करा. हात साबणाने धुवा. मेडिकलमधला स्वच्छ कापूस घ्या, देवापुढच्या वातीचा नको. चिमूटभर कापूस बोटांत वळून पाच-सहा मिलिमीटर लांब आणि एक-दीड मिलिमीटर जाड वात करा. आधी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने नखाशेजारचं मांस नखापासून बाजूला आणि खाली ओढून धरा. त्याने कोपरा थोडा उघडा पडतो. वातीचं टोक कोपऱ्याच्या पुढच्या बाजूने नखाखाली हळूच सरकवा, म्हणजे नखाची कड मांसावर टेकण्याऐवजी कापसावर टेकेल. दुखलं तर तिथेच थांबा, आणखी मऊ झाल्यावर संध्याकाळी पुन्हा बघा. चिमटा, सुई, पिन, दातकोरणं यांनी ढकलायचं नाही. लोक हमखास चुकतात ते दोन ठिकाणी. एक, वात फार जाड करतात, त्याने दाब वाढतो आणि ठणका बळावतो. दोन, एकदा घातलेली वात आठवडाभर तशीच ठेवतात. पाणी आणि घाम शोषलेला कापूस म्हणजे जंतूंना घर. रोज बदला, आणि भिजली की लगेच बदला.

कापूस जमत नसेल तर चिकटपट्टी. माझ्या मते शेतकरी माणसासाठी हीच जास्त सोयीची. मेडिकलमध्ये ताणली जाणारी पट्टी मिळते. दीड सेंटिमीटर रुंद, आठ-दहा सेंटिमीटर लांब तुकडा कापा. पाय कोरडा हवा, तेल-मलम लावलेलं नको, नाहीतर ती चिकटतच नाही. पट्टीचं एक टोक दुखऱ्या बाजूच्या मांसावर, नखाच्या अगदी कडेला लावा, नखावर नको. आता पट्टी ताणून मांस नखापासून दूर ओढा, आणि ती तिरपी अंगठ्याच्या खालून घेऊन दुसऱ्या बाजूने वर, अंगठ्याच्या मुळापाशी चिकटवा. नख आणि मांस यांच्यात बारीक फट दिसली म्हणजे बरोबर बसली. पट्टीचा पूर्ण वेढा घट्ट आवळू नका. अंगठा निळसर पडला, गार पडला, मुंग्या आल्या तर लगेच काढा. रोज नवी लावा. कोपरा मांसाच्या पुढे येईपर्यंत, म्हणजे कधीकधी दोन महिनेसुद्धा, हे चालू ठेवावं लागतं. आठ दिवसांत दुखणं थांबतं आणि लोक तिथेच सोडून देतात. नख मात्र आठ दिवसांत अर्धा मिलिमीटरसुद्धा पुढे आलेलं नसतं.

या काळात पुढून उघडी चप्पल घाला. अंगठा अडकवायची चप्पल असेल आणि तो चामड्याचा अंगठा सुजेवर घासत असेल तर ती बाजूला ठेवा. बायकांनी सूज चढायच्या आत शेजारच्या बोटातली जोडवी काढून ठेवावीत, नंतर ती अडकतात. दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल पाचशेची एक गोळी, लागली तर सहा तासांनी दुसरी. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू असेल तर विचारल्याशिवाय नाही. दुकानातून मिळणाऱ्या बाकीच्या ठणक्याच्या गोळ्या उन्हात राबून पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या किडनीवर आघात करतात, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

चुना लावू नका, तो भाजतो, आणि भाजलेल्या मांसात जंतू आणखी सहज शिरतात. हळद-तुपाने नुकसान फारसं नाही, पण आतलं टोक त्याने बाहेर येत नाही, आणि पिवळ्या थराखाली लाली किती पसरली ते दिसत नाही. खाज-खरजेच्या म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्याने लाली दबते आणि जंतू आत वाढत राहतात. नखाच्या मध्यभागी इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, हा समज खोटा आहे. नख मुळापासून वाढतं, टोकाला खाच पाडून मुळाशी काहीच बदलत नाही. अँटिबायोटिकचंही तसंच. टोक आत असेपर्यंत गोळ्यांनी पू थोडा कमी होतो, कोर्स संपला की परत येतो. लाली अंगठ्याच्या पुढे पसरली असेल तर मात्र गोळ्या लागतातच, आणि त्या डॉक्टरने ठरवायच्या. शेतातल्या मातीने माखलेली जखम असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर ते घ्यावं. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, जखम किती छोटी आहे हे ते बघत नाहीत.

दवाखान्यात केव्हा? दोन-तीन दिवसांत काडीचाही फरक पडला नाही, पू वाढला, ताप आला, पायावर वर जाणारी लाल रेघ दिसली, अंगठा काळसर पडला, किंवा ते लाल मांस वाढलं तर. आणि नखाशेजारचं मांस किंवा काळा डाग महिनोन्‌महिने बरा होत नसेल, तर तो रुतलेल्या नखाचाच आहे असं धरून चालू नका. क्वचित तो कर्करोग असतो, तुकडा काढून तपासावा लागतो.

तिथे काय करतात याची भीती फार असते, म्हणून सांगतो. अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बधिर करायचं इंजेक्शन देतात, दुखतं ते तेवढंच. मग रुतलेल्या बाजूची दोन-तीन मिलिमीटरची उभी पट्टी मुळापर्यंत काढतात. ती पुन्हा उगवू नये म्हणून तेवढ्याच मुळाला फिनॉल नावाचं रसायन लावतात. ही पद्धत १९४५ सालापासून चालत आली आहे. घरात फरशी पुसायचं फिनाईल हे ते नव्हे, ते जखमेला लावू नका. फिनॉलनंतर दोन ते चार आठवडे थोडं पाणी झिरपतं, ते अपेक्षितच आहे. अख्खं नख उपटून टाकणं हा जुना प्रकार अजूनही बरेच जण मागतात. मुळाला काही न करता नख उपटलं तर ते परत येतं, आणि बरेचदा पुन्हा रुततं. दीड वर्ष वाट बघून तोच त्रास. म्हणून डॉक्टरला विचारा, ‘पूर्ण काढणार की फक्त कड? मुळाला काय करणार?’ सर्जन असलेल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात हे होऊ शकतं. पाय बधिर किंवा काळा पडलेला असेल तर मात्र मध्ये वेळ न घालवता अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठा.

पुन्हा होऊ नये म्हणून नख आडवं, सरळ रेषेत कापा. बोटाच्या टोकाच्या बरोबरीने ठेवा, दोन्ही कोपरे मांसाच्या वर दिसले पाहिजेत. कोपरा मोज्याला अडकत असेल तर कानशीने किंचित घासा, कापू नका. अंघोळीनंतर नख मऊ असतं तेव्हा कापलं तर चिरत नाही. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. उभं राहून सर्वात लांब बोटापुढे एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे.

एक प्रश्न आलाय: ऊसतोडीला गेल्यावर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, हे सगळं कसं करायचं? दसऱ्यानंतर गाड्या निघायच्या आधी प्रत्येक कोयत्यातल्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीतल्या, दोघांचेही अंगठे बघा. कोपरा लाल असेल तर गावात असतानाच इलाज सुरू करा. सोबत नेलकटर, चिकटपट्टीचा एक रोल आणि कापसाची छोटी पुडी द्या. फडात कापूस स्वच्छ राहत नाही, तिथे पट्टीच बरी. पाचटाचं टोक अंगठ्याला लागतं म्हणून बंद बूट घालावेच लागत असतील तर ते पुढून रुंद हवेत, आणि कोपीवर आल्याबरोबर काढून पाय धुऊन कोरडा करायचा.

दुसरा प्रश्न तान्ह्या बाळाचा आहे. बाळाचं नख पातळ आणि मऊ असतं, कडेला मांस वर आलेलं दिसतं. बहुतेक वेळा नख वाढलं की आपोआप नीट होतं. अंघोळीनंतर मांस बोटाने हलकेच नखापासून मागे दाबा, घट्ट मोजे घालू नका. पू दिसला तर बाळाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.